दुसरी हाक

तानुबाई माझ्या ऑफिसात आली आणि बसायच्या आधीच टेबलावरच्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, "ते गानं आधी बंद करा ताई. मंग बोलस."

चोपड्याला कोर्टासमोर मी वीस वर्षं वकिली करते. माझ्याकडे येणारा माणूस आधी रडतो, मग शेजाऱ्याचा उद्धार करतो, मग फीवरून घासाघीस करतो. माझ्याच ऑफिसात येऊन मलाच गप्प करणारी ही पहिली. माझा पारा चढायला एवढं पुरतं. पण बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाणं बंद केलं.

साठी कधीच ओलांडलेली, वाळलेल्या पऱ्हाटीसारखी सडपातळ बाई. हातावर गोंदण, कपाळ मोकळं, काखेत भाकरीचं फडकं.

"काय तक्रार आहे?"

"शेजारना वावरमा भोंगा शे. तो बंद करना शे."

"कसला भोंगा?"

"पाखरंसना."

झालं, संपली तक्रार. पुढचं विचारलं की बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. आटलेल्या विहिरीतून पाणी शेंदावं तसा एकेक शब्द काढून मी जे जमवलं ते असं. तापीच्या काठी तिचं चार बिघे वावर, आणि घरही गावात नाही, वावरातच. बांधाला लागून ललितचं वावर. ललित शेतीचं कॉलेज शिकलेला, राहतो चोपड्यात, केळीची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करतो. यंदा त्यानं बांधाकडच्या तुकड्यात दादर लावली. दादर ही आमच्या खान्देशची रब्बीची ज्वारी. तिची भाकरी एकदा खाल्ली की माणूस दुसऱ्या ज्वारीला नाक मुरडतो, आणि पाखरांचंही तेच. कणसात दूध भरलं की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. राखणीला आता माणूस मिळत नाही. म्हणून ललितनं बांधावर खांब पुरला, त्यावर सोलरचा भोंगा बसवला, आणि त्यात माणसाच्या ओरडण्याचा आवाज भरून ठेवला. दिवस उगवला की तो सुरू होतो आणि मावळेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं ओरडत राहतो. खांब बरोबर तानुबाईच्या दारासमोर.

"तुम्ही ललितला सांगितलं नाही?"

"सांगं. तो म्हने, अक्का, महिनाभर कळ काढा. दादर निंघी जाई."

"मग महिनाभरासाठी कोर्टात कशाला जाता?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "महिनाभर मी त्या घरमा ऱ्हाई सकत नही ताई. भडगाववाली पोर म्हनस, घरले कुलूप लाव नि मन्हाकडे ये. मी घर सोडी दिऊ का?"

म्हणजे भोंगा तरी जाणार, नाहीतर ही बाई तरी. मला हुरूप आला. म्हातारी विधवा, दारात भोंगा, मस्तवाल तरुण शेजारी. वकिलाला आणखी काय पाहिजे? यालाच कायद्यात खासगी उपद्रव म्हणतात. तुमच्या जमिनीत तुम्ही राजे, पण तुमचा धूर, तुमचं सांडपाणी, तुमचा आवाज बांध ओलांडून शेजाऱ्याचं राहणं-खाणं-झोपणं अवघड करायला लागला, की तो तुमच्याविरुद्ध मनाई मागू शकतो. मात्र यात एक मेख आहे. त्रास असा हवा की तो कुठल्याही साध्यासुध्या माणसाला झाला असता. एखाद्याचं मनच जास्त हळवं असेल, तर त्याच्यासाठी शेजाऱ्यानं आपला धंदा थांबवावा असं कायदा म्हणत नाही.

"त्याची काळजी नको," मी मोठ्या ऐटीत म्हणाले. "दिवसभर कानाशी भोंगा ओरडला तर कोणाचंही डोकं फिरेल."

तानुबाई उठली. फडकं काखेत मारून निघून गेली.

रविवारी स्कूटी काढून मी जागा पाहायला गेले. घर मातीचं, वर पत्रे, अंगण सारवलेलं. पुढे बांध, आणि बांधापलीकडे दादर उभी, पुरुषभर उंचीची, कणसं लोंबलेली. बाईनं मला बाजेवर बसवलं आणि अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायला घेतली. म्हणाली, पहिल्यांदा उन्यात, भरीत खाईसन जा. मी कागद काढून खांबापासून दारापर्यंतचं अंतर लिहायला लागले.

तेवढ्यात भोंगा ओरडला. "हाऽ हा हा हा... हुर्रऽऽ!" घोगरा, रांगडा, पुरुषाचा आवाज. दादरीतून भोरड्यांचा काळा थवा उठला आणि नदीकडे गेला. क्षणभर शांत झालं. मग तोच आवाज पुन्हा आला, पण आता निराळा, लांबवलेला, जरा खालच्या पट्टीतला. "होऽऽय..."

"ओऽऽ, उनी," तानुबाई म्हणाली.

मान वर न करता, हातातलं वांगं जाळावर फिरवत. मी मागे वळून पाहिलं. वाटलं, गावातून कोणी बाई आली असेल, तिला ही 'आले' म्हणतेय. मागे कोणी नव्हतं. कोंबड्या होत्या फक्त.

मी अंतर लिहीत राहिले. थोड्या वेळानं भोंगा पुन्हा ओरडला. आधी हाऽ हा हा, मग होऽऽय. "ओऽऽ," बाई म्हणाली आणि लगेच तिनं खालचा ओठ दातांखाली धरला.

"कोणाला ओ देता तुम्ही?"

ती वांगं फिरवत राहिली. मी कागद खाली ठेवला. आता माझं लक्ष भोंग्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वांगं जाळात पडलं. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि त्या हातांच्या आड, बंद तोंडातही, ती ओ देत होती. मला ते ऐकू आलं.

"त्या शेत," हात काढून ती म्हणाली. म्हणजे, ते आहेत.

"कोण?"

तिनं दाराकडे मान वळवली. आत भिंतीवर फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मुंडासं बांधलेला, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. तिचा नवरा, कौतिक आबा. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी जेवून बाजेवर आडवा झाला तो उठलाच नाही, एवढं मला माहीत होतं.

खोटं कशाला सांगू, मी बाजेवरून उठून उभी राहिले आणि खांबापासून दोन पावलं मागे सरकले. मेलेला माणूस दहा हातांवरून बायकोला हाक मारतोय आणि बायको अंगणात वांगी भाजत त्याला ओ देतेय.

मग ती बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला आधी कधी पाहिलं नाही, नंतरही नाही.

धुळे जिल्ह्यातलं शिरपूरकडचं तिचं माहेर. लग्न होऊन आली ती गावात राहिलीच नाही, सरळ या वावरात. कौतिक आबा साऱ्या शिवाराचा राखणदार. दादर भरायला लागली की तो वावरातल्या राखणीच्या माळ्यावर, ही घरात, आणि मध्ये डोक्याच्या वर वाढलेलं पीक. कोणी कोणाला दिसायचं नाही. वावरात साप, उघडी विहीर, आणि घरात एकटी पोरगेली बाई. म्हणून पाखरं उडवून झाली की तो घराकडे तोंड करून हाक द्यायचा, आणि तिनं असेल तिथून ओ द्यायची. ओ आली नाही तर तो गोफण टाकून पळत यायचा. एकदा ती विहिरीवर पाय घसरून पडली होती, ओ गेली नाही, आणि पाय मुरगळल्याचं तिला स्वतःला नीट कळायच्या आत तो काठावर हजर होता. तेव्हापासून तिनं कधी ओ चुकवली नाही. तोंडात घास असला तरी. पोरगी दिपमाला पोटात होती तेव्हा कळा देताना एकदा दिली होती, असं ती म्हणाली, आणि त्या आठवणीनं जरा हसलीही.

"आणि हा भोंगा? पहिल्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

"सकायनं काम करी ऱ्हायंतू. हाक उनी. मी ओ दिधी. भाकर तव्यावर व्हती ती उतारी, ठेचा घालीसन फडकामा बांधी, नि निंघनू. बांध वलांडा. दादरमाईन चालत माळाकडे गऊ. तठे माळा नही, कोनी नही. मांगे बांधवर खांब, नि त्यावर भोंगा. हातमा भाकर नि मी उभी. मंग माले याद उनं, का त्या त गयात."

ती थांबली. भोंगा पुन्हा ओरडला आणि तिनं ओ दिली.

"मरेल मानूसना हाकले ओ देवो नही म्हनतस," ती म्हणाली. "ओ दिधी का तो ली जास. मी त दिनभर देस. देवानी नही म्हनस, नि तोंडमाईन निंघी जास. मन्हा जीव मन्हं ऐकत नही ताई."

मला एकदम ललितचा संताप आला. हा माणूस आहे का कोण? मी तिथूनच त्याला फोन लावला, चांगलं खडसवायचं ठरवून. तानुबाई घाबरीघुबरी होऊन हातानं नको नको करत होती, पण माझा फोन लागला होता.

"आवाज? हो ताई, आबांचाच," ललित अगदी खुशीत म्हणाला. "विकतचे आवाज आणून पाहिले होते मी. ससाण्याचा आणला, बंदुकीचा आणला. दोन दिवसांत भोरड्या त्याला सरावल्या, भोंग्यावरच येऊन बसायला लागल्या. आबा होते तेव्हा एकदा मोबाइलवर त्यांचा आवाज घेऊन ठेवला होता, तो लावला. पाखरू ठरत नाही बघा. आणि मी म्हटलं, अक्कालाही बरं वाटेल. आबा अजून राखणीला आहेत असं वाटतं ना?"

मी खडसवायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. पोरगा मस्तवाल नव्हता. त्याला वाटत होतं, हा आबांचा मान आहे. शिवारातल्या कुठल्याही पोरानं हेच केलं असतं, आणि दहा जणांनी त्याची पाठ थोपटली असती. मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

"त्याले सांगू नका, मी ओ देस ते," तानुबाईनं माझा हात धरला. "बाई येडी व्हयनी म्हनतीन. पोर येईसन माले ली जाई. हाई घर ऱ्हाई जाई."

वकील म्हणूनही मला ते सांगून चालणार नव्हतं. आवाज कोणाचा, हे कोर्टात निघालं की संपलं. समोरचा वकील म्हणणार, हा आवाज कोणाही साध्या माणसाला त्रासाचा नाही, एकट्या या बाईला आहे, कारण तिचं मन हळवं आहे. आणि कायदा त्याच्याच बाजूनं उभा राहणार. बाईचं खरं दुःखच तिची केस बुडवणार होतं. मी तिला बजावलं, नुसत्या आवाजाची तक्रार करायची, माणसाचं नाव काढायचं नाही. तिनं मान हलवली. मग आम्ही भरीत खाल्लं. भरीत झकास होतं, पण दर दोन-चार घासांना तो माणूस तिला हाक मारत होता.

मी दावा लावला आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला. ललितला त्याचा मोठाच धक्का बसला असावा. तारखेला तो आला तेव्हा त्यानं तानुबाईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अक्का, कोर्टमा यावानी काय गरज व्हती?" अक्कानं तोंड फिरवलं. त्याचा वकील संयम, बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा, वयानं लहान पण डोक्यानं तल्लख. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"साहेब," संयमनं सुरुवात केली, "अर्जदार बाईंचा जन्म त्या शिवारात गेला. राखणीची आरडाओरड तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते. खुद्द बाईंचे यजमान राखणदार होते. शिवारात राहायचं आणि राखणीचा आवाज नको म्हणायचं, हे कसं चालेल? आवाज किती आहे तो कोर्टानं स्वतःच ऐकावा." आणि त्यानं टॉवेल सोडला. खांबावर होता तसलाच दुसरा भोंगा.

मी ताडकन उठून हरकत घेतली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तक्रार आवाजाचीच आहे ना वकीलबाई? मग ऐकायला हरकत कसली?"

मी मागच्या बाकाकडे गेले आणि तानुबाईच्या कानात म्हटलं, पदर तोंडात घाला आणि दातांनी धरून ठेवा. तिनं तसं केलं. भोंग्याकडे ती साप पाहावा तशी बघत होती. मांडीवर भाकरीचं फडकं होतं, दोन्ही मुठींत आवळलेलं.

भोंगा एकदा ओरडला. कोर्टातल्या भिंतींत तो आवाज कसातरीच वाटला, शिपाई गालात हसला. तानुबाई गप्प. दुसऱ्यांदा ओरडला. बाई गप्प, पण तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी मनात म्हटलं, एवढी एक निघू दे.

"तसा काही फार मोठा नाही हा," साहेब म्हणाले. संयमनं माझ्याकडे पाहून मान तुकवली, आणि भोंगा तिसऱ्यांदा ओरडला. पाखरांवरचा तो रांगडा आवाज, मग क्षणभर शांतता, मग ती लांबवलेली हाक. "होऽऽय..."

"ओऽऽ! उनी, उनी मी."

आवाज साऱ्या कोर्टात गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं तोवर तानुबाई उभी राहिली होती. फडकं काखेत मारलं, बाकातून बाहेर आली आणि दाराकडे चालू लागली. घाईनं, वेळ झालेल्या बाईसारखी. साहेबांकडे तिचं लक्ष नव्हतं, माझ्याकडे नव्हतं. कोर्टातून उठून ती नवऱ्याला भाकरी द्यायला निघाली होती.

दाराशी पोचल्यावर बाहेरचा व्हरांडा दिसला, बाकांवर बसलेली माणसं दिसली, आणि तिचा पाय थांबला. ती तिथेच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. शिपाई तिला हटकायला पुढे झाला होता, तोही अर्ध्यात थबकला.

"अक्का," ललित उभा राहून म्हणाला. "तुम्हीन कोनले ओ दिधी?"

ती वळली नाही.

"तुम्हीन रोज ओ देतस?"

"रोज," ती दाराकडे बघतच म्हणाली. "दर हाकले."

आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी उठले आणि म्हणाले, "साहेब, हा आवाज अर्जदाराच्या मयत पतीचा आहे." बोलतानाच मला कळत होतं की केस गेली. संयम सवयीनं उभा राहिला होता. त्याला बोलायला आयता मुद्दा मिळाला होता, आणि तो त्याला ठाऊकही होता. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं आणि तो खाली बसला. भोंगा बंद करायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. ललितनंच धावत जाऊन वायर उपटली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग म्हणाले, "बाहेर जाऊन आपसात बोला. अर्ज मी पुढे ठेवतो."

व्हरांड्यात आल्यावर ललितनं पहिलं काय केलं, तर मोबाइल काढून वावरातला भोंगा तिथूनच बंद केला. मग अक्काच्या पायाशी फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "माले वाटनं तुम्हले बरं वाटी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. घरातल्या माणसाचा जीव घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मला त्याचीच दया आली, आणि इतक्या दिवसांचा माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तानुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ रे. भाकर खाय."

तडजोडीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला मी त्या आठवड्यात पुन्हा वावरात गेले. ललित खांबावरून भोंगा उतरवत होता. दादरीवर भोरड्यांनी मांड ठोकली होती, आणि तो म्हणत होता, खाऊ द्या, काय व्हायचं ते होईल.

"खाऊ कसा देस?" तानुबाई त्याच्यावर डाफरली. "गोफन शे ना मन्हाकडे. मन्हा हात काय मोडा का?"

भोंगा खाली आला. ललितनं मोबाइल पुढे धरला. "अक्का, आवाज पन काढी टाकू का? यामातून बी?"

"काढी टाक."

त्याचं बोट अडलं. "बठ्ठा, पुरा काढू? भोंगामा टाकेल ते तोडेल व्हतं. मूळ यानाथून लांब शे. पुढलं पाखरंसले कामनं नव्हतं म्हनीसन मी कापं."

"पुढलं काय?" मी विचारलं.

त्याला वाटलं, आपण पुन्हा काही चूक करून बसलो. तो अक्काकडे बघत राहिला. ती बाजेच्या कडेला बसली होती. तिनं पदर हातात घेतला, तोंडाशी नेला आणि म्हणाली, "लाव."

तोच घोगरा आवाज. हाऽ हा हा, हुर्र. पंखांची फडफड. मग हाक, लांबवलेली. "होऽऽय..." मी तानुबाईकडे पाहिलं. पदर तोंडाशी, डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताठ.

आणि मोबाइलमधून, लांबून, वाऱ्यावरून, बारीक पण स्पष्ट आवाज आला. "ओऽऽ! उनी! भाकर तव्यावर शे!"

तो तिचाच आवाज होता. तानुबाईनं डोळे उघडले. मोबाइलमध्ये कौतिक आबा अगदी जवळ, हसत, कोणाशी तरी बोलत होता, ललितशीच. "ऐकं का रे? पाखरं त पहिली हाकमाच उडी जातस. दुसरी हाक घरनी ऱ्हास. ती ओ देस, मंग माले समजस, घर बठ्ठं बरं शे." मग काहीतरी खुडबुड झाली आणि आवाज संपला.

ललित पुतळ्यासारखा बसला होता. ज्या हाकेनं पाखरू उडतच नव्हतं, ती हाक त्यानं दिवसभर वाजवली होती. आणि तिचं उत्तर होतं तेवढं कापून टाकलं होतं. हे त्याला माझ्यासमोर कळत होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तानुबाईनं पदर तोंडावरून काढला. तिच्या तोंडून ओ निघाली नव्हती. मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. मोबाइलकडे बघत, जरा नवल वाटल्यासारखी, ती स्वतःशीच म्हणाली, "मी त ओ देयेल शे."

"काय अक्का?"

"ओ देयेल शे मी त्यास्ले. तव्हयच दिधी व्हती." ती उठली, कोनाड्यातून गोफण घेतली आणि बांधाकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे मोबाइलमा. काढू नको."

बांधावर उभं राहून तिनं गोफण फिरवली, आणि थवा उठला.